नियंत्रित गटाची सावड

पुण्याच्या ज्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी करत होते, तिथल्या ग्रंथालयात मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यात लावून ठेवले होते. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. कबड्डीच्या मार्गदर्शनाचा कौशल्यावर होणारा परिणाम. व्हॉलीबॉलच्या मार्गदर्शनाचा परिणाम. लांब उडीच्या, गोळाफेकीच्या मार्गदर्शनाचा परिणाम. मी एकेक काढून वाचत गेले. सगळ्यांत मुलांचे दोन गट. एकाला शिकवायचं, एकाला शिकवायचं नाही, आणि बारा आठवड्यांनी दोघांची चाचणी घ्यायची. सगळ्यांचा शेवट एकच, परिणाम झाला. शिकवलं की येतं, एवढं सांगायला अख्खं कपाट भरलं होतं. शिकवणाऱ्यानं नेमकं काय केलं, तो ओरडला का, हात धरून दाखवलं का, पोरं त्याच्यावर चिडली का, यावर कुठं ओळसुद्धा नव्हती. 'संशोधकाने मार्गदर्शन केले.' संपलं.

माझे मार्गदर्शक सर पुण्यातलेच, शांत, इस्त्रीच्या शर्टाचे. मी त्यांना म्हटलं, "सर, शिकवलं की येतं हे आमच्या नेऱ्यातल्या गुराख्यालाही ठाऊक आहे."

सर हसले. "ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, बाई. तुम्ही खो-खो घ्या. मुली घ्या. मुलींवर फारसं काम झालेलं नाही."

"पण तेच तेच..."

"पदवी हवी आहे ना जूनपर्यंत?"

हवी होती. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. मी माझ्याच गावाकडच्या हायस्कूलला हंगामी शिक्षिका होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पदवीदानाचा झगा घातलेला माझा फोटो माझ्या वडिलांनी, आण्णांनी, देवाच्या तसबिरीशेजारी लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो हात न लावता दाखवत. फोटो घरात असा मिरवायचा आणि शाळेत मी शिवणाचा तास घ्यायची. मैदानाचा तास वेळापत्रकात होता, पण तो गणिताच्या सरांचा जादा तास होऊन बसला होता. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, पळायला काय शिकवायचं? कुत्रं मागं लागलं की पोरगी आपोआप पळते." पाहुणे आले की चहाचंही मीच बघायचं.

तालुक्यातल्या एका नव्या कॉलेजात जूनपासून शारीरिक शिक्षणाची जागा निघणार होती. पदव्युत्तर पदवी हातात असेल त्यालाच मुलाखतीला बोलावणार होते. ती जागा मिळाली तर मी शिवणाच्या सुया खाली ठेवणार होते, नाही मिळाली तर जन्मभर हेमिंग तपासत बसणार होते. दुसरी वाट मला दिसत नव्हती. म्हणून मी सरांपुढं मान डोलावली.

निघताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. "नियंत्रित गटाला हात लावायचा नाही. त्यांना शिकवायचं नाही, दाखवायचं नाही, खेळताना बघू द्यायचं नाही. ते जसे आहेत तसे राहिले पाहिजेत. त्यावरच सगळा प्रयोग उभा असतो."

दिवाळीची सुट्टी संपली, भात निघून खळ्यावर आलं, तेव्हा मी सुरुवात केली. आठवी-नववीच्या मुली घेतल्या. आधी पळण्याची, उठाबशीची, वळण्याची चाचणी घेतली. कॉलेजातून मागून आणलेलं स्टॉपवॉच मी गळ्यात घातलं की पोरी आपसांत म्हणायच्या, "बाईंनी डोरलं घातलं." मग शिवणाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन गट पाडले.

नववीत एक उंच पोरगी होती. वरच्या आळीची. तिचं घर आमच्या घरामागचंच. तिच्यासारखी पळणारी मी तोवर पाहिली नव्हती, आणि मी विद्यापीठाच्या संघातून खेळलेली बाई आहे, हे उगाच म्हणत नाही. तिची चिठ्ठी नियंत्रित गटात निघाली.

"म्हंजी मी खेळायचं न्हाई?"

"बारा आठवडे नाही."

"मी काय चुकले?"

"चुकली नाहीस. चिठ्ठीच तशी निघाली."

"मंग परत टाका की चिठ्ठी!" मागून एक ठेंगणी ओरडली. ही त्या उंच पोरीची जिवलग मैत्रीण, दोघींच्या घराला एकच भिंत. ठेंगणीची चिठ्ठी शिकवायच्या गटात आली होती आणि तिला त्याची लाज वाटत होती. "बाई, माझी हिला द्या. मला काय, मी पळाले काय न् बसले काय."

"तसं चालत नाही."

"कुनाला चालत न्हाई?"

याचं उत्तर मी काय देणार? पुण्यातल्या एका सरांना, एका कपाटाला. मी शिट्टी वाजवली.

शाळा सुटल्यावर मैदानात सुतारानं ठोकून दिलेल्या बाभळीच्या दोन खांबांमध्ये मी पोरींना बसवलं. स्कर्टखाली भावांच्या चड्ड्या घालून आल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मी नुसतं बसणं-उठणंच शिकवलं. चवड्यांवर बसायचं, खो मिळाला की बाणासारखं सुटायचं. मी तोंडानं फटकळ. "म्हशीसारखी काय उठतेस?" "खो दे, कानात गूज सांगू नकोस!" पोरी हसायच्या, पण उठायला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात निम्म्या यायच्या बंद झाल्या. हिची गुरं आणायची राहतात, तिचं पाणी भरायचं राहतं. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ आमच्याकडं पोरींचा नसतोच, तो घराचा असतो. मी दोन-तीन आयांना भेटून आले. "शिकव की, कोन नगं म्हनतंय," म्हणाल्या, "पर पानी कोन आननार? तुझं सर?"

आणि तिसऱ्या आठवड्यात काय झालं कुणास ठाऊक, सगळ्या मुली यायला लागल्या. एकजात सगळ्या, रोज. मला वाटलं, माझ्या शिकवण्याची गोडी लागली. त्या शनिवारी पुण्याला गेले तेव्हा सरांना मान वर करून सांगितलं, "उपस्थिती उत्तम आहे." सर म्हणाले, "छान. याचा उल्लेख करा."

जानेवारीत एका रविवारी आईनं मला मागच्या घरी निरोप द्यायला धाडलं. दुसऱ्या दिवशी आमच्या वालाच्या शेंगा तोडायच्या होत्या आणि त्या उंच पोरीच्या आईची आमच्याकडं सावड होती. आज तुम्ही आमच्या रानात राबा, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही, पण फेडल्याशिवाय कुणी राहायचं नाही, ही सावड. भाताची रोपं लावायच्या आवणीला, कापणीला आमच्याकडं दुसरी रीतच नव्हती. ही काकी घरात नव्हती, खालच्या खाचराकडं गेली असेल म्हणून मी तिकडं उतरले. ऊन कलत होतं.

खाचरात धसकटं उपटून जागा साफ केली होती. दोन टोकांना दोन मेढी ठोकल्या होत्या. मधे ओळीनं पोरी बसलेल्या, एक इकडं तोंड, एक तिकडं तोंड. माझा नियंत्रित गट. आणि कमरेवर हात ठेवून ठेंगणी त्यांच्यामधून फिरत होती.

"म्हशीवानी काय उठतीस गं? चवड्यांवर बस, चवड्यांवर! खो दे, कानात गूज सांगू नगंस!"

माझाच आवाज. मान वाकडी करायची लकबसुद्धा माझीच.

मग उंच उठली. खांबाजवळून असा काही वळसा घेऊन गेली की मी जागेवरच थांबले. तो वळसा मी दोनच दिवसांपूर्वी शिकवला होता, आणि माझ्या गटातल्या एकीलाही तो धड जमला नव्हता.

त्यांनी मला बघितलं. सगळ्या उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"सावड, बाई," ठेंगणी म्हणाली.

"कसली सावड?"

"मी सांजच्याला तुमच्याकडं ऱ्हाते. तवर माझी गुरं ही आनती, पानी ही भरती, गोठा ही झाडती. मंग मला फेडाया नगं? माझ्याकडं दुसरं काय हाय? तुमी जे देता त्येच हिला देते."

"सगळ्याजणी असंच करता?"

"सगळ्या. जोड्या लावल्यात. भांडनं नगंत म्हनून चिठ्ठ्या टाकल्या, तुमच्यावानी."

"मी सांगितलं होतं ना, या गटाला काही शिकवायचं नाही म्हणून?"

उंच पुढं आली. "आमाला हात लावायचा न्हाई, असं सरांनी तुमाला सांगितलंय, तुमीच म्हनाला व्हता. हिला कुटं सांगितलंय?"

बाकीच्या फिसकन हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ते कपाट आलं, जून महिना आला, हेमिंगच्या फडक्यांची चळत आली. मी म्हणाले, "उद्यापासून हे बंद. एकदम बंद." आणि निरोप न सांगताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी एकटी ठेंगणी. तीही सांगायलाच आलेली.

"बाई, माझी म्हस कोन सोडवनार?"

त्याच संध्याकाळी उंच पोरीची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. लहानपणापासून हिच्या मांडीवर खेळलेली मी. पदराला हात पुसत म्हणाली, "पोरी, तू शिकलीस, लई बरं वाटतं. पर आमच्या पोरींनी दुसऱ्याची गुरं फुकट वळायची व्हय?"

"फुकट नाही काकी, प्रयोग आहे. एका गटाला खेळ यायला नको असतो."

"येऊ नये म्हनून कुनी शाळा काढतं व्हय?" तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तू पुण्याला ऱ्हात होतीस तवा आवणीत तुझ्या वाटची ओळ कोन लावायचं? मी. आन् तुझी आय माझ्या खाचरात येऊन फेडायची. तवा तू न्हाई म्हनालीस, मी शिकाया नगं म्हनून."

आई चुलीपाशी होती. तिनं वर बघितलंच नाही. लाकूड आत सारलं तेवढंच.

त्या रात्री जेवताना मी हिशेब मांडत बसले. सावड बंद केली तर शिकायचा गटच उरत नाही, कारण पोरी येतात त्या सावडीच्या जोरावर. चालू ठेवली तर न शिकलेला गट उरत नाही. इकडून तिकडून प्रयोग मोडलेलाच. आणि मी स्वतः कॉलेजात गेले तीही त्याच सावडीवर, हे काकीनं ओट्यावर बसून सांगून टाकलं होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही. दोन दिवसांनी मैदान परत भरलं. सावड पुन्हा सुरू झाली होती. फक्त शिकवताना आता मला कळायचं, हे शब्द इथं थांबत नाहीत. काय बोलायचं ते जपून बोलायला लागले. म्हशीसारखी म्हणायचं सोडून दिलं. ठेंगणीनं विचारलंच, "बाई, आज म्हस न्हाई?"

शनिवारी सरांना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नियंत्रित गट बदला. दुसऱ्या गावच्या मुली घ्या. कासारसाईच्या घ्या."

"त्यांची पूर्वचाचणी झालेली नाही. आणि कासारसाईत आमच्या निम्म्या पोरींच्या आत्या-मावश्या राहतात. रविवारी शिकवतील."

सर हसले, मग हसायचे थांबले. "मग डोळे मिटा. निष्कर्षात काही फरक पडेल असं मला वाटत नाही. शिकवणारी शिक्षिका आणि शिकवणारी मुलगी, यात अंतर असणारच."

"सर, मला वेगळंच वाटतं. माझ्या पोरी शिकल्या त्या दुसरीला शिकवावं लागलं म्हणून. मी बघितलंय ते. आपण त्यावरच लिहूया की. मार्गदर्शन एका पोरीकडून दुसरीकडं कसं जातं."

त्यांनी चष्मा परत लावून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आजही म्हणावंसं वाटतं.

"कल्पना चांगली आहे. पूर्वीचं संशोधन कुठलं दाखवणार?"

"नाहीच आहे."

"मग संदर्भ कुणाचे देणार?"

"कुणाचे देणार? कुणी केलंच नाही तर..."

"संदर्भ नसतील तर विषय मंजूर होत नाही, बाई. मंजूर झाला नाही तर कुणी करत नाही. मी हे नियम केलेले नाहीत."

मी खुर्चीतून उठले. कपाटाकडं न बघता ग्रंथालयासमोरून गेले. वाकडपर्यंत यष्टीत उभी होते, पुढं जागा झाली तरी बसायचं सुचलं नाही.

फेब्रुवारीत उत्तरचाचणी झाली. दोन्ही गट सुधारले होते, जवळजवळ सारखेच. उंच पोरगी सगळ्यांत पुढं. घड्याळ थांबवून मी आकडा दोनदा पाहिला आणि तिला म्हटलं, "बस खाली." त्यापेक्षा जास्त बोलायची माझी हिंमत नव्हती. गणित मांडलं. ज्याला शिकवलं आणि ज्याला शिकवलं नाही, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नाही.

आकडे हलवता आले असते. पुण्यात एक-दोघांनी मला तसं हसत हसत सुचवलंही, स्टॉपवॉच तुझ्याच गळ्यात होतं ना म्हणून. मी शेतकऱ्याची पोर आहे, मापात माती घालणाऱ्याला आमच्याकडं काय म्हणतात ते मला माहीत होतं. मी आकडे होते तसे दिले. आणि सावडीवर एक वेगळं प्रकरण लिहिलं. पोरींच्या जोड्या, खाचर, ठेंगणीनं उचललेली माझी लकब, सगळं. मला ते माझं सगळ्यात चांगलं लिखाण वाटत होतं.

सरांनी ते वाचलं. परत देताना पेन्सिलीनं उभी रेघ मारलेली होती, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. "मर्यादा या सदरात एक वाक्य टाका," म्हणाले. "नियंत्रित गटावर पूर्ण नियंत्रण ठेवता आले नाही. बस."

"आणि निष्कर्ष?"

"आकडे जे सांगतात ते."

मग मी माझ्या हातानं लिहिलं, 'मार्गदर्शनाचा खेळाडूंच्या कौशल्यावर लक्षणीय परिणाम आढळून आला नाही.' खाली सही केली. अख्ख्या कपाटात असं म्हणणारा तो पहिला प्रबंध असेल. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "प्रामाणिक काम आहे." पदवी मिळाली. आण्णांनी पेढे वाटले.

जूनच्या सुरुवातीला त्या नव्या कॉलेजात मुलाखतीला गेले. नवी साडी, काळी बॅग, बॅगेत प्रबंध. टेबलापलीकडं तिघं होते. मधल्यानं प्रबंध उघडला तो सरळ शेवटून.

"बाई, तुम्ही मुलींना बारा आठवडे शिकवलंत?"

"हो."

"आणि इथं लिहिलंय, परिणाम झाला नाही."

"झाला. दोन्ही गटांवर झाला. म्हणून फरक दिसत नाही."

"दुसऱ्या गटाला तुम्ही शिकवलं होतं का?"

"नाही."

"मग त्यांच्यावर कसा झाला?"

मी सांगायला लागले. सावड, गुरं, खाचर. उजवीकडचा गृहस्थ मान हलवत ऐकत होता, त्याचं गावही तिकडचंच असावं. मधल्यानं हात वर केला. "हे प्रबंधात आहे का?"

"एका वाक्यात आहे." त्यानं प्रबंध मिटला.

"आमच्या मुली तालुक्याला दुसऱ्या आल्या या वर्षी," मी म्हटलं. "दोन्ही गटांतल्या मिळून संघ होता."

"अभिनंदन. पण तुमच्याच सहीनं तुम्ही म्हणताय की तुमच्या शिकवण्यानं काही होत नाही. आम्ही व्यवस्थापनाला काय दाखवायचं?"

शेजारच्या खोलीत एक तरुण बसला होता. त्याच्या मांडीवर काळं रेक्झिन होतं. त्याचा परिणाम झाला होता. जागा त्याला मिळाली.

शाळा उघडली तेव्हा शिवणाचा तास माझाच होता. हेडमास्तर म्हणाले, "मोठी पदवी घेतलीत, आता पोलक्याचं कटिंगही शिकवा." मी कात्री घेतली.

आवणी लागली. उंच पोरीच्या घरची खाचरं आधी होती आणि आईचे गुडघे धरले होते, म्हणून आमच्या घरची सावड फेडायला मी गेले. साडी खोचून, इरलं पाठीवर. ओळीत माझ्या एका बाजूला उंच, पलीकडं ठेंगणी. दोघी चिखलात वाकलेल्या, हात यंत्रासारखे चालत होते. मी मागं पडत होते, ठेंगणी मधूनच माझ्या वाटची दोन रोपं लावून टाकत होती.

"बाई," उंच म्हणाली, "ते पुण्याचं झालं का?"

"झालं."

"काय निघालं? शिकवल्याचा परिनाम व्हतो का न्हाई?"

"होतो गं."

"मंग तसंच लिवलं का?"

बाकीची ओळ सरकली होती. माझा एक पाय पोटरीपर्यंत रुतला होता, तो निघेना. काकी वरच्या बांधावरून ओरडली, "ए शिकलेली, हात चालव, मागं ऱ्हायलीस!" मी पाय उपसला, मूठभर रोपं घेतली आणि वाकले.

"न्हाई लिवलं ना?" उंच म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्यापुढची रिकामी जागा तिनं भरली, मग स्वतःची, आणि आम्ही मागं मागं सरकत राहिलो.